रॉकेल दारात यायचं, डिझेल दारात येतं, मग पेट्रोल बाटलीतही का मिळत नाही?

२०२४ च्या जानेवारीत, वर्षाच्या अगदी पहिल्या दोन दिवसांत, नव्या कायद्यातल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला आणि महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. असा संप झाला किंवा नुसती अफवा उठली, तरी सोलापूरच्या पंपावर एक वाद हमखास होतो.

"अण्णा, बाटलीत देता येत नाही."

"अरे, गाडी सात रस्त्याला बंद पडलीय. ढकलत आणू का?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. गाडीवाल्याचा राग समजण्यासारखा आहे, कारण त्याच शहरात एखाद्या कारखान्याच्या जनरेटरसाठी मोबाइलवरून मागवलेलं डिझेल छोट्या टँकरने थेट फाटकापर्यंत येऊ शकतं. इंडियन ऑइलने मार्च २०१८ मध्ये पुण्यात डिझेल घरपोच देण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे इतर कंपन्याही त्यात उतरल्या. त्याआधी कित्येक वर्षं सोलापूरच्या पेठांमधून रॉकेलची हातगाडी फिरायची. आडवं पिंप, खाली तोटी, लिटरचं माप, नरसाळं. बायका डबा घेऊन दारात उभ्या राहायच्या. इंधन घरी येणं ही गोष्ट आपल्याला मुळीच नवी नाही.

मग पेट्रोलचंच काय वेगळं आहे? त्याचं उत्तर एका तापमानात आहे. आणि ते तापमान माणसांना कसं उमगत गेलं, हे जुन्या पत्र्याच्या डब्यांकडे पाहिलं की कळतं.

पेटते ती वाफ

कुठलंही तेल पेटतं तेव्हा खरं तर त्याच्यावर जमलेली वाफ पेटते. तेल तापत गेलं की वाफ वाढते. ज्या तापमानाला ठिणगी दाखवताच ती वाफ भपकन पेट घेण्याइतकी होते, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. त्याच्याखाली ठिणगी पडली तरी तेल सहसा पेटत नाही.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हिमालयातल्या थंडीतही पेट्रोल पेटायला तयारच असतं. रॉकेल आणि डिझेलसाठी भारतीय मानकांनी किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवले आहेत. आपला पेट्रोलियम कायदा १९३४ चा. त्याने इंधनाचे वर्ग याच आकड्यावर पाडलेत. २३ अंशांच्या खाली पेटणारं ते 'ए' वर्गात, म्हणजे पेट्रोल. २३ पासून ६५ च्या खालपर्यंतचं 'बी' वर्गात, म्हणजे रॉकेल आणि डिझेल. त्याच्या वर जड तेलं.

२३ हा आकडा जुना आहे. १८७९ मध्ये ब्रिटनच्या कायद्याने फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाचं तपासणीचं यंत्र मान्य केलं आणि ७३ अंश फॅरनहाइट ही सीमा घातली. ती जवळजवळ २३ अंश सेल्सिअसच होते. या तपासणीमागे माणसांचे जीव होते. त्या काळी मोटारी नव्हत्या, पेट्रोलला गिऱ्हाईक नव्हतं, आणि काही व्यापारी हे स्वस्त, हलकं तेल रॉकेलमध्ये मिसळून विकत. तसा दिवा पेटवला की भडका उडायचा, घरं जळायची. जॉन रॉकफेलरने १८७० मध्ये कंपनी काढली तेव्हा तिच्या नावात 'स्टँडर्ड' हा शब्द घातला, तोही आमचं तेल दरवेळी एकसारखं असेल हा भरवसा देण्यासाठी.

पेट्रोलची दुसरी खोड म्हणजे त्याची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. अंगणात सांडलेलं पाणी जसं उतार शोधत मोरीकडे जातं, तशी ही वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि पंधरा-वीस पावलांवरच्या शेगडीपर्यंतही पोचू शकते. डोळ्यांना ती दिसत नाही. आग लागते तिथे तेल नसतं, म्हणून माणूस गाफील राहतो.

चार गॅलनचा डबा

आता डब्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून रॉकेल जगभर जायचं ते लाकडी खोक्यांतून. एका खोक्यात पत्र्याचे दोन चौकोनी डबे, प्रत्येकात पाच अमेरिकन गॅलन. आपल्याकडे इंग्रजी गॅलनची मोजणी होती, म्हणून इथे तो चार गॅलनचा डबा झाला. चार इंग्रजी गॅलन म्हणजे १८ लिटरांच्या किंचित वर. किराणा दुकानातला गोड्या तेलाचा चौकोनी डबा डोळ्यासमोर आणा. घडण तीच, उंची-रुंदीचं प्रमाणही बरंचसं तेच.

चौकोनी आकार मुद्दाम होता. गोल डबे एकमेकांना लागून ठेवले तरी मध्ये जागा वाया जाते. चौकोनी डबे जहाजात, रेल्वेच्या वाघिणीत आणि बैलगाडीत घट्ट बसतात. पत्रा पातळ लोखंडाचा, गंजू नये म्हणून कथलाचा मुलामा दिलेला, आणि शिवण शिसं-कथलाच्या झाळीने बंद केलेली. वर उचलायला तारेचं किंवा पट्टीचं कडं.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच आली होती. कापूस बाहेर जायचा, माल आत यायचा. बर्मा ऑइल ही कंपनी १८८६ ची. पुढे १९२८ मध्ये तिने आणि शेलने हिंदुस्थानातला धंदा एकत्र केला आणि बर्मा शेल हे नाव घराघरांत पोचलं. चार गॅलनचे आणि एक गॅलनचे डबे रेल्वेने, रस्त्याने, नदीकाठी होड्यांतून देशभर जायचे. हीच कंपनी १९७६ मध्ये सरकारकडे आली आणि आजची भारत पेट्रोलियम झाली.

डब्यातलं रॉकेल संपलं की डब्याचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. सोलापूरसारख्या पाण्याच्या ओढीच्या गावात तर विचारूच नका. वरचा पत्रा कापून, आडवी लाकडी मूठ ठोकून पाण्याचा डबा. दोन डबे कावडीला. अंघोळीचं पाणी तापवायला डबा, धान्याला डबा, तुळस लावायला डबा. अगदीच सडला तर कापून, ठोकून सपाट केला की छपराला किंवा भिंतीला पत्रा. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरांचा हा कच्चा माल होता. ज्या घरात विकतची बादली परवडत नव्हती, तिथे हा डबा अनेक वर्षं घर चालवायचा. त्याकडे नुसतं टाकाऊ वेष्टन म्हणून पाहणं चूक आहे.

जहाज आलं, पण डबे कुठे आहेत?

हे किती खरं होतं, ते शेल कंपनीच्या संस्थापकाला धंद्यात समजलं. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल याने १८९२ मध्ये 'म्यूरेक्स' नावाचं जहाज बांधून घेतलं. खोकी आणि डबे भरण्याऐवजी जहाजाच्या पोटातच तेलाच्या टाक्या होत्या. काळ्या समुद्रावरच्या बाटुमीला रशियन रॉकेल भरून ते सुएझ कालव्यातून गेलं. असं मोठं तेलवाहू जहाज त्या कालव्यातून पहिल्यांदाच जात होतं. माल सिंगापूर आणि बँकॉकला उतरला. डब्यांचा खर्च नाही, लाकडाचा नाही, गळती कमी. स्टँडर्ड ऑइलला टक्कर द्यायला इतकं पुरे, असा हिशेब होता.

सॅम्युएलच्या माणसांची कल्पना होती की तेल स्वस्त आहे म्हटल्यावर लोक आपापली भांडी घेऊन येतील. पण पूर्वेकडच्या गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता. स्टँडर्डचं तेल घेतलं तर निळा डबा मिळायचा, यांच्याकडे नुसतंच तेल. शेवटी सॅम्युएलने कथलाचा पत्रा पाठवून ठिकठिकाणी डबे बनवायची सोय केली आणि ते लालभडक रंगवले. निळे डबे लांबचा प्रवास करून खरचटलेले, गंजलेले पोचत. लाल डबे जागेवरच बनलेले, कोरे करकरीत. गिऱ्हाईक लाल डब्याकडे वळलं.

या गोष्टीतून मला जे दिसतं ते असं: इंधन तुमच्यापर्यंत कसं पोचणार हे इंधनाच्या किमतीइतकंच ते कशात भरून येतं यावर ठरतं. रॉकेलच्या बाबतीत पातळ, गळका, स्वस्त डबाही चालून गेला, कारण थोडं गळलं तरी वास आणि डाग यापलीकडे सहसा काही होत नव्हतं.

पेट्रोलही डब्यातूनच मिळायचं

सुरुवातीला पेट्रोलचे पंप नव्हते. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी नवऱ्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत नेली, तेव्हा वाटेत व्हीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतलं. डाग काढायला वापरायचं ते हलकं तेल होतं. पुढे इंग्लंडमध्ये पेट्रोल दोन गॅलनच्या जाड पत्र्याच्या डब्यांतून विकलं जाऊ लागलं. पितळी आट्यांचं झाकण, त्यावर सील, पत्र्यावर उठावाच्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि ज्वालाग्राही असल्याचा इशारा. रिकामा डबा परत केला की अनामत परत. आज जुन्या वस्तू जमवणारे लोक ज्या डब्यांच्या मागे असतात, ते बहुतेक हेच.

अमेरिकेत घोड्यांच्या टाकीगाड्या दुकानांना आणि घरांना रॉकेल पोचवत, पुढे शेतांवर पेट्रोल आणि वंगणही. घरच्या डब्याच्या तोटीला झाकण नसलं तर लोक बटाटा खोचून ठेवत. रॉकेलला तो बटाटा पुरायचा. पण त्याच गाडीवरून, तसल्याच डब्यात पेट्रोल येऊ लागल्यावर अनर्थ झाले. अंधारात रॉकेल समजून पेट्रोल स्टोव्हमध्ये ओतलं की घर पेटायचं. म्हणून अनेक राज्यांनी कायदे केले: पेट्रोलचा डबा लाल, आणि लाल डब्यात रॉकेल भरायचं नाही.

आपल्याकडेही मोटारी आल्या तेव्हा पेट्रोल डब्यांतूनच आलं. पंप रुळले ते १९३० च्या दशकात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईपर्यंत टपालाचं विमान उडवलं. वाटेत अहमदाबादला त्यांच्या पस मॉथ विमानासाठी बर्मा शेलचं पेट्रोल बैलगाडीतून डब्यांनी आणलं होतं.

मग डबा मागे का पडला? एका डब्यातून दुसऱ्यात ओतताना प्रत्येक वेळी वाफ बाहेर पडते. शिवण उलते, झाकण सैल राहतं, मोजमापात फसवणूक होते. जमिनीखाली टाकी आणि वर मोजून देणारा पंप, या जोडीने हे सगळं एकदम सुटलं. अमेरिकेत सिल्व्हेनस बाउझर याने १८८५ मध्ये रॉकेलसाठी असा पंप बनवला होता, १९०५ मध्ये त्याने मोटारींच्या पेट्रोलसाठी सुधारित पंप आणला. इंधन घरी येण्याऐवजी गाडी इंधनाकडे जाऊ लागली.

पातळ डब्याचं पितळ खऱ्या अर्थाने उघडं पडलं ते दुसऱ्या महायुद्धात. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांच्या फौजेला पेट्रोल मिळायचं ते पुन्हा चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून. खडबडीत रस्त्यावर शिवणी फुटत आणि पेट्रोल वाळूत मुरायचं. सैनिक रिकामा डबा अर्धा कापून, त्यात वाळू आणि थोडं पेट्रोल घालून चहाची चूल करत. समोरच्या जर्मनांकडे २० लिटरचा वेगळाच कॅन होता, १९३७ च्या सुमाराचा. दोन पत्रे दाबून कडेला जोडलेले, म्हणून शिवणी कमी. बाजूंवर फुलीचा खोल ठसा, त्यामुळे पत्रा मजबूत आणि फुगायला वाव. वर तीन मुठी, म्हणजे एका माणसाला एका हातात दोन रिकामे कॅन धरता येतात किंवा दोघांना मिळून एक भरलेला. मुठीखाली हवेची पोकळी, झाकण खटक्याने बंद. इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी त्याची नक्कल केली. लष्करी जीपच्या मागे अडकवलेला कॅन आजही याच घडणीचा असतो.

"मग डिझेल दारात कसं येतं?"

डिझेल 'बी' वर्गात आहे म्हणून, आणि येणारी गाडी हाच एक छोटा पंप आहे म्हणून. तिच्या टाकीला, नळीला, मीटरला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय सुरक्षा संस्थेची मान्यता लागते. एका भांड्यातून दुसऱ्यात उघड्यावर ओतणं त्यात नसतं. २०२१ पासून काही ठिकाणी २० लिटरच्या बंद कॅनमधून डिझेल पोचवणंही सुरू झालं.

शेतकऱ्याला याचा उपयोग मोठा आहे. मोहोळच्या किंवा मंगळवेढ्याच्या शेतात ट्रॅक्टर उभा असताना ३५ लिटरचा जुना प्लास्टिकचा कॅन मोटरसायकलला बांधून आणणं हे आपल्याकडे रोजचं दृश्य आहे. ते बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी सुरक्षित घरपोच सोय पुण्या-मुंबईत न थांबता इथे गावोगाव यायला हवी. सोलापूरजवळ पाकणीला तेल कंपन्यांचे साठे आहेत, हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबईहून येणारी पाइपलाइन तिथवर पोचते. अडचण शेवटच्या दहा-वीस किलोमीटरांची आहे.

पण डिझेल म्हणजे निर्धोक असंही कुणी समजू नये. किमान फ्लॅश पॉइंट ३५ अंश. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो, उन्हातला पत्रा तर त्याहून तापतो. प्रत्यक्षात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमानापेक्षा बराच वर असू शकतो, पण त्यावर विसंबून चालणार नाही. थंड देशात शेडमध्ये ठेवलेलं डिझेल आणि आपल्या रानात उन्हात ठेवलेलं डिझेल सारखं वागत नाही. रॉकेललाही हेच लागू आहे.

"कायदा तर ३० लिटरपर्यंत परवानगी देतो ना?"

देतो. विकण्यासाठी नसेल, तर एका माणसाला एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. पण त्याच कलमात भांडंही सांगितलंय: घट्ट बुचाचं, काच किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीचा त्यात उल्लेखच नाही. शिवाय बाळगायची मुभा आहे म्हणून पंपाने कशातही भरून द्यावं, असं होत नाही. पंपाला स्वतःच्या परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात.

बाटलीत नेमकं काय बिघडतं? प्लास्टिकमधून वीज वाहून जात नाही. पेट्रोल जोरात पडताना घर्षणाने विद्युतभार जमतो, तो बाटलीवर साचतो आणि ठिणगी उडू शकते. धातूचा डबा जमिनीवर ठेवून, नळीचं तोंड त्याला टेकवून भरला तर तो भार जमिनीत उतरतो. गाडीच्या डिकीत किंवा मांडीवर ठेवून डबा भरू नये, त्याचंही कारण हेच. पाण्याच्या बाटलीचं झाकण वाफेचा दाब धरायला बनवलेलंच नसतं. आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल दिसलं तर घरातलं लहान मूल ते तोंडाला लावू शकतं. माझ्या मते हे कारण सगळ्यांत मोठं आहे.

डबा काठोकाठ भरायचा नाही, हेही याच हिशेबातलं. सकाळी २२ अंशाला भरलेलं २० लिटर पेट्रोल दुपारी ४२ अंशाला जवळजवळ ४०० मिलीलिटरने फुगतं. त्याला जागा नसेल तर ते झाकणातून बाहेर येतं.

सात रस्त्याला गाडी बंद पडलेल्या माणसाने काय करावं? मान्यताप्राप्त धातूचा छोटा कॅन जवळ असेल तर आधी पंपावर विचारावं. नसेल तर गाडी ढकलणं किंवा दुसऱ्या गाडीने ओढून नेणं हाच मार्ग उरतो. त्रासाचं आहे, मान्य आहे.

घरात जुना डबा असेल तर

वाड्यांच्या माळ्यावर, बंद दुकानांच्या पोटमाळ्यावर असे डबे अजून निघतात. उठावाची अक्षरं, पितळी झाकण, तळाशी ठोकलेलं साल असेल तर ते घासून काढू नका. रंग मूळचा असेल तर पुन्हा रंगवू नका. जमवणाऱ्यांच्या लेखी किंमत त्या जुन्या रंगालाच असते.

पाण्यासाठी किंवा धान्यासाठी मात्र तो वापरू नका. आपल्या आजी-आजोबांनी वापरला, कारण त्यांच्यापुढे दुसरं काही नव्हतं. शिवणीच्या झाळीत शिसं असतं. शिवाय विसाव्या शतकातल्या बहुतेक काळात पेट्रोलमध्येही शिशाचं संयुग मिसळत. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं.

आणि डबा दुरुस्त करायचा असेल तर जरा थांबा. भरलेल्या डब्यापेक्षा रिकामा डबा जास्त घातक असतो. भरलेल्यात वाफेला हवा कमी मिळते. रिकाम्यात हवाच हवा असते, आणि पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असेल तर ती स्फोटासारखी पेटते. १८ लिटरच्या डब्यात तेवढी वाफ व्हायला पाव चमचा पेट्रोल पुरतं. ते शिवणीच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्याखाली लपून राहू शकतं. वेल्डिंगच्या किंवा झाळीच्या आंचेने ते बाहेर येतं. नुसतं पाण्याने विसळून ते जात नाही. रिकाम्या पिंपांवर वेल्डिंग करताना माणसं दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या याच कारणाने. म्हणून असा डबा कारागिराकडे नेताना त्यात पूर्वी काय होतं, ते माहीत असेल तर आधी सांगा. माहीत नसेल तर पेट्रोल होतं असंच धरून चाला आणि आंच लावायला देऊ नका. पोचा आला असेल तर राहू द्या, भोक असेल तर तेही राहू द्या.